नाकाशेजारची फट

माणसाचं लक्ष आठ सेकंद टिकतं आणि गोल्डफिशचं नऊ, हे वाक्य जगात पहिल्यांदा कोणी लिहिलं याचा माग काढत गंधाली सकाळपासून बसली होती. एका जाहिरात कंपनीच्या पत्रकातून दुसऱ्या पत्रकात, तिथून एका बंद पडलेल्या वेबसाइटवर अशी ती जाऊन पोचली तेव्हा फोन वाजला. घाटकोपरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली मुलगी बोलत होती. ‘विद्याधर काकांनी मंगळवारचं ऑपरेशन कॅन्सल केलंय, मॅडम. तर तो स्लॉट दुसऱ्या पेशंटला देऊ ना?’ गंधालीने विचारलं, कॅन्सल कोणी केलं? ‘त्यांनीच. काल येऊन सांगून गेले. दुसरी ट्रीटमेंट सुरू करतोय म्हणाले.’ तिने थोडे दिवस थांबायला सांगितलं. मुलीने कागद चाळल्याचा आवाज आला. ‘रविवारी दुपारी एकपर्यंत आम्ही असतो. तोवर ठेवते. नंतर मग पुढच्या महिन्यातच.’ फोन ठेवल्यावर गंधालीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. गोल्डफिशच्या नऊ सेकंदांचा मूळ प्रयोग सापडला नव्हता, कारण असा प्रयोग कोणी केलाच नव्हता, आणि हे तिला सकाळीच कळलेलं असूनही ती शोधत राहिली होती.  

अंधेरीच्या त्या ऑफिसात अकरा माणसं काम करत होती आणि त्यातल्या गंधालीचं काम होतं खोटं ओळखणं. मानसशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ती इथे लागली, एका मराठी व्हिडिओ चॅनेलमध्ये, जिथे आठवड्याला एक दावा घ्यायचा, त्याचं मूळ शोधायचं आणि सहा मिनिटांत त्याची वाट लावायची. हस्ताक्षरावरून स्वभाव, बोटांच्या ठशांवरून करिअर, गर्भात असताना ऐकवलेलं संगीत, डाव्या मेंदूची माणसं आणि उजव्या मेंदूची माणसं. असे एक्केचाळीस भाग झाले होते. ती बोलताना कधी आवाज चढवत नसे, कोणाची टिंगल करत नसे, आणि लोकांना तेच आवडत असे. तिचा संपादक मिथुन वर्षभर तिच्या मागे लागला होता. ‘यार गंधाली, तो मिडब्रेनवाला विषय घे ना. पोरं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात तो. झकास चालेल. व्हिज्युअल आहे.’ ती दर वेळी म्हणायची, बघू, आता फारसे क्लास राहिले नाहीत, विषय शिळा आहे. ‘शिळा कुठे? माझी मेव्हणी आत्ता पोराला घालतेय.’ मग ती हस्ताक्षराचा दुसरा भाग सुचवायची.

दुपारी तिने बाबांना फोन केला. विद्याधर महापालिकेच्या पाणी खात्यात नकाशे काढत असत. तेहतीस वर्षं त्यांनी मुंबईच्या पोटातल्या जलवाहिन्या ट्रेसिंग पेपरवर आखल्या होत्या आणि रेघेच्या जाडीवरून ती कोणत्या निबने काढली हे ते सांगत. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी काचबिंदू निघाला, आणि निघाला तेव्हा बराच पुढे गेलेला होता. डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा नकाशा काढून दाखवला होता, करड्या आणि काळ्या ठिपक्यांचा, त्यात दोन्हीकडे खालचा पट्टा पार काळा. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं राखायचं, थेंबांनी दाब उतरत नाही तेव्हा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी, असं त्या म्हणाल्या. बाबांनी तो कागद लांब धरून पाहिला होता आणि म्हणाले होते, यंत्रात बटण दाबायला मला उशीर होत होता, म्हणून काळं आलंय. मला तर सगळं दिसतं. हे त्यांनी हट्टाने म्हटलेलं नव्हतं, त्यांना खरंच सगळं दिसत होतं. नजरेत पडलेलं भोक मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, हे गंधालीने परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. घरात मात्र रोज कोणीतरी स्टूल वाटेत ठेवत असे, कोणीतरी बादली सरकवत असे आणि जिन्याची शेवटची पायरी ज्याने बांधली त्या माणसाला बाबा नावं ठेवत.

‘ऑपरेशनची घाई नाही गं,’ बाबा फोनवर शांतपणे म्हणाले. ‘डोळा कापून घ्यायचा आणि तरी हमी नाही. त्यापेक्षा तुझ्या लहानपणच्या क्लासातल्या देवेशने ज्येष्ठांची बॅच काढलीय, मुलुंड वेस्टला. सहा आठवडे. मिडब्रेन जागा झाला की डोळ्यांवर अवलंबून राहायचंच कारण नाही.’ गंधालीने पडद्यावरचं गोल्डफिशचं पान बंद केलं. ‘दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी उडवून लावलं असतं. पण मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्यात.’

घाटकोपरच्या मेट्रोत बसून घरी जाताना तिला मिडब्रेनच्या क्लासच्या त्या हॉलचा वास आठवला, ओल्या सतरंजीचा आणि टँगच्या सरबताचा. ती दहा वर्षांची होती, मे महिना होता. तीस मुलांना झोपवून कानठळ्या बसवणारं संगीत लावत, मग उठवून नाचायला लावत, मग पुन्हा झोपवत. दुसऱ्या दिवशी दुपारी काळ्या सॅटिनच्या, आतून स्पंज लावलेल्या पट्ट्या वाटल्या. देवेश तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता, सगळ्यांचा दादा, हसरा, प्रत्येकासमोर बसून हातात एक रंगीत कार्ड द्यायचा आणि म्हणायचा, वास घे, कपाळावर घास, आता शांत हो, दिसतंय ना? फसवा, असं कोणी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं, दिसतंय ना, आणि गंधालीने पाहिलं तर खाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना, उजेडाच्या दोन बारीक फटी होत्या आणि एका फटीत कार्डाचा पिवळा कोपरा होता. तिला वाटलं, हेच ते. मेंदूचा दरवाजा उघडतो म्हणतात तो असा फटीसारखा उघडत असणार. ‘पिवळं,’ ती म्हणाली आणि देवेशने तिला उचलून घेतलं. ती त्या वेळी अजिबात खोटं बोलत नव्हती. पुढे कॉलेजात स्वतःची फसवणूक या विषयावरचे निबंध वाचताना तिला दर वेळी तो पिवळा कोपरा दिसायचा, आणि दर वेळी वाटायचं की इथपर्यंतचं सगळं आपण कोणालाही सांगू शकतो. याच्या पुढचं नाही.

पुढचं असं की तिच्या शेजारी श्वेता नावाची मुलगी बसली होती आणि तिला काही दिसत नव्हतं. तुझा मेंदू अजून झोपलाय, असं देवेश तिला म्हणून गेल्यावर ती पट्टीच्या आत रडू लागली. गंधालीने चांगुलपणाने तिच्या कानात सांगितलं, अगं खाली बघ ना, नाकापाशी. श्वेताने खाली पाहिलं. मग म्हणाली, ‘पण ते तर फटीतून दिसतंय.’ एवढंच. जगात काही वाक्यं अशी असतात की ती ऐकण्याआधीचा माणूस आणि नंतरचा माणूस वेगळा. श्वेताने पट्टी काढून देवेशला हाक मारली, ‘दादा, ही फटीतून बघते,’ आणि देवेश हसत म्हणाला, ‘श्वेता, मैत्रिणीचा मत्सर करू नये.’ सगळे श्वेताकडे बघू लागले. तेव्हा गंधालीने पट्टी काढून ‘ती खरं बोलतेय’ असं म्हणायला हवं होतं. ती पट्टीच्या आत बसून राहिली, आणि फटीतून तिला श्वेताची तपकिरी सँडल दिसत होती, तिचं बक्कल उघडं होतं.

त्यानंतर दीड वर्षं ती बाबांसाठी वाचत राहिली. सोसायटीच्या गणपतीत बाबांनी स्वतः तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि तिने हनुवटी किंचित वर उचलून समोरच्यांची व्हिजिटिंग कार्डं, औषधाच्या बाटल्या, कोणाचं तरी लायसन्स असं धडाधड वाचून दाखवलं. टाळ्या तिच्यासाठी होत्या, पण ती फटीतून फक्त बाबांचे पाय बघत होती; ते एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत होते. हा माणूस कधी देवाला गेला नाही, कोणा बुवाच्या नादी लागला नाही. आपण विज्ञान करतोय असंच ते मानत. एका जाड वहीत ते तारीख, वेळ, दाखवलेली वस्तू आणि उत्तर असे रकाने आखून प्रत्येक प्रयोग नोंदवत. तिला फट मिळाली नाही की ती म्हणायची, आज ऊर्जा नाही, आणि बाबा त्या ओळीवर फूटपट्टीने सरळ रेघ मारून समोर सुबक अक्षरात लिहीत, ‘थकली’. शेवटी बेरीज केली तेव्हा दोनशे चौदापैकी दोनशे बारा बरोबर आली होती. रेघ मारलेल्या ओळी बेरजेत नव्हत्या. सातवीत तिने सांगितलं की आता दिसत नाही, आणि बाबांनी मान हलवली. वय वाढलं की ते दार बंद होतं, हे त्यांना क्लासने आधीच सांगून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी पोहे खाऊन झाल्यावर तिने सांगितलं. तिची आई माणिक स्वयंपाकघराच्या दारात नारळ खवत बसली होती. मुलुंड पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत कोणतीच गोष्ट एकाला सांगता येत नसे. ‘बाबा, मी खालून बघायचे. नाकाजवळ फट असायची. क्लासातली सगळीच मुलं तशीच बघायची.’ बोलताना तिला स्वतःचा आवाज कॅमेऱ्यासमोरच्या आवाजासारखा सपाट ऐकू आला.

बाबा हसले. ‘तू दहा वर्षांची होतीस. तुला काय आठवणार?’

‘मला आठवतंय. मीच होते ना पट्टीच्या आत.’

‘आणि मी बाहेर होतो. आतल्या माणसाला कळत नसतं गंधा, निरीक्षण बाहेरचा करतो. तूच सांगतेस ना तुझ्या व्हिडिओत, स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवू नका म्हणून?’ ते उठून वही घेऊन आले. वाटेत वेताच्या मोड्याला पाय लागला. ‘हे इथे कोणी ठेवलं?’

‘तुम्हीच,’ आई म्हणाली.

गंधालीने वही उघडून रेघ मारलेल्या ओळी मोजल्या. एकोणनव्वद होत्या. ‘या का नाही धरल्या?’

‘तू थकली होतीस. धावपटू एखाद्या दिवशी दमून हरला, म्हणजे काय तो कधी धावलाच नव्हता?’

हे उत्तर तिला आवडलं. चुकीचं होतं, पण सुबक होतं, त्यांच्या अक्षरासारखं. तिने बाबांनी ज्येष्ठांच्या बॅचसाठी आणलेली नवी पट्टी मागून घेतली, डोळ्यांवर चढवली आणि म्हणाली, काहीही दाखवा. बाबांनी थेंबांच्या बाटलीचं खोकं समोर धरलं. तिने हनुवटी उचलली. चौदा वर्षांनी ती फट होती तिथेच होती. तिने औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत वाचून दाखवली.

‘बघ!’ बाबा जवळजवळ ओरडले. ‘अजून आहे तुझ्यात!’

‘अहो, ती कबूल करतेय ना, फसवलं म्हणून,’ आई म्हणाली. ‘चोर हात जोडून सांगतोय, मी चोर, आणि तुम्ही म्हणताय, नाही रे बाबा, तू साधू.’

गंधालीने आईला एक ताटली तिच्या हनुवटीखाली आडवी धरायला सांगितली. आता पुन्हा दाखवा, बाबा. फट झाकली गेली, ताटलीशिवाय तिला काही दिसेना. बाबा विचारात पडले आणि म्हणाले, ताटली स्टीलची आहे, धातूने अडत असेल. मग कॅलेंडरचा पुठ्ठा धरला. तेव्हाही दिसेना. ‘आता तू मनात शंका घेऊनच बसलीस, मग कसं दिसणार?’ पट्टीच्या आतल्या काळोखात गंधालीला प्रथमच राग आला, आणि तो बाबांचा नव्हता. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तिने हा भाग कसा लिहिला असता ते तिला वाक्यावाक्याने माहीत होतं: पुरावा विरुद्ध गेला की दावा आकार बदलतो. पण दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तो दावा तिने जन्माला घातलेला नसता. तिने पट्टी काढली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. मंगळवारचा डोळा एक वाजेपर्यंत बाबांचा होता.

‘मग तुम्ही बांधा,’ ती म्हणाली. ‘म्हणजे कळेल फट कुठे असते.’

बाबांनी चष्मा काढला, पट्टी चढवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खिडकीकडे तोंड करून बसले. नाक मोठं असल्यामुळे पट्टी दोन्ही बाजूंना चांगली बोटभर उचलली गेली होती. गंधाली जमिनीवर त्यांच्यासमोर बसली होती, तिथून तिला फटीतून त्यांच्या पापण्या हलताना दिसत होत्या. ‘काय दिसतं?’

‘काही नाही. काळं.’

‘खाली. नाकापाशी. उजेड दिसेल बघा.’

‘कुठे उजेड?’ ते समाधानाने म्हणाले. ‘अगदी घट्ट आहे. कुठे फट आणि कुठे काय. मी म्हणालो होतो.’

गंधालीला आधी वाटलं ते मुद्दाम म्हणताहेत. तिने वाकून पाहिलं. उजेड फटीतून आत शिरून त्यांच्या गालावर, पापणीच्या कडेवर पडला होता, अगदी स्वच्छ, अकरा-बाराच्या उन्हाचा. तिने हात पुढे करून त्यांच्या हनुवटीखाली तीन बोटं धरली आणि हलवली. ‘बोटं किती, बाबा?’

‘कुठली बोटं?’

खवणीचा आवाज थांबला. आई उठून जवळ आली होती. गंधालीला दवाखान्यातला कागद आठवला, खालचा काळा पट्टा, आणि दर वेळी कोणीतरी वाटेत ठेवलेलं स्टूल. दहा वर्षांच्या मुलीला जिथून सगळं जग वाचता येत होतं, नेमकी ती जागा या माणसाच्या डोळ्यांतून नाहीशी झाली होती, आणि तिथे काळोखसुद्धा नव्हता, काहीच नव्हतं. तिचा प्रयोग फसला होता आणि फसताना त्याने दुसरंच काहीतरी मोजलं होतं.

‘मी तुमच्या हनुवटीखाली बोटं हलवतेय,’ ती म्हणाली. ‘आत्ता. आईलाही दिसताहेत.’

‘तीन आहेत हो,’ आई हळू म्हणाली.

 बाबांचा हात पट्टीकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी हनुवटी थोडी वर केली. आणखी थोडी. मान मागे गेली, एका बाजूला कलली, परत आली. ते शोधत होते, सावकाश, जलवाहिनीवरची गळती शोधणाऱ्यासारखे. मान पार मागे टेकल्यावर ते एकदम स्थिर झाले.

‘एक,’ ते म्हणाले. ‘एक बोट दिसतंय. नखासकट.’

 त्यांनी मान केसभर वळवली. ‘हे दुसरं. पहिलं गेलं.’ पुन्हा वळवली. ‘हा अंगठा का?’

‘करंगळी.’

‘हं.’

ते तसेच बसून राहिले. त्यांच्या गळ्यावरची कातडी ताणली गेली होती आणि तिच्याखाली नाडी उडताना दिसत होती. गंधालीच्या मनात आलं, आता ते श्वेतासारखं म्हणतील, पण हे तर फटीतून दिसतंय. तिने हात खाली घेतला नाही. हाताला कळ लागली होती.

‘म्हणजे गणपतीत,’ बाबांनी विचारलं, ‘मी गाठ ओढून पाहिली तेव्हा?’

‘तेव्हाही.’

‘आणि मला तू सांगितलं नाहीस.’

‘तुम्ही खूश होतात.’

आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी पट्टी काढली, घडी घातली आणि चष्मा चढवला. बराच वेळ ते समोरच्या भिंतीकडे, मग मुद्दाम मान वाकवून जमिनीकडे, मोड्याकडे, स्वतःच्या पावलांकडे बघत राहिले. ज्या चेहऱ्याने ते एखादा जुना, चुकीचा निघालेला नकाशा टेबलावर पसरून बघत, तोच चेहरा होता. गंधालीला त्यांची क्षमा मागायची होती, पण नेमकी कोणत्या गोष्टीची, ते आता सांगता येईना.

‘देवेशला फोन लाव,’ ते म्हणाले.

तिने लावून त्यांच्या हातात दिला. स्पीकर चालू होता. ‘काका! बोला, बोला,’ देवेशचा आवाज तोच होता, हसरा, फक्त जाड झालेला. ‘बुधवारी येताय ना?’

‘नाही येत.’

‘का हो? काका, हे बघा, मनात किंतु आणू नका. घरचे आडवे येतातच. तुमची गंधाली तर आपली स्टार होती. तिचा बाप तुम्ही, तुम्हाला नाही जमणार तर कोणाला जमणार?’

‘तिला खालून दिसायचं, देवेश,’ बाबा म्हणाले. ‘मला खालूनही दिसत नाही.’

पलीकडे देवेश पुन्हा बोलू लागला, ऊर्जेबद्दल, सरावाबद्दल. बाबांनी फोन कानापासून दूर केला. बंद करायचं लाल बटण पडद्याच्या तळाशी होतं. त्यांचा अंगठा काचेवरून एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे. गंधालीचा हात पुढे झाला आणि तिने तो मागे घेतला. देवेश म्हणत होता, काका, हॅलो, काका, आवाज येतोय ना? बाबांनी फोन उचलून कपाळाजवळ नेला, मान मागे केली, आणि बटण सापडल्यावर ते नीट, मधोमध दाबलं.

‘आता घाटकोपरचा लाव,’ ते म्हणाले.